स्वखुशीने

पिंपळगाव रेणुकाई,
११ फेब्रुवारी २०२४

चि. कल्याण यास,

आशीर्वाद. लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिला, त्यावरून फार काही समजू नकोस.

गुरुवारी रामेश्वर शहागडहून आला. सख्खा चुलतभाऊ, पण लग्नकार्य सोडलं तर माझ्या दारी न येणारा माणूस. चप्पल काढतानाच मी ओळखलं, कुणाचं तरी काम घेऊन आलाय. तीन कप चहा झाला, मिरचीचा भाव झाला, आमच्या ह्यांच्या गुडघ्याची चौकशी झाली. मग पिशवीतून कागद निघाले.

"अक्का, कल्याणचा फोन आल्ता. तुमची एक सही पाह्यजे. तेवढी केली की झालं बगा."

मी म्हटलं, "त्याच्याकडं माझा नंबर नाही का?"

रामेश्वरनं चौथा कप मागितला.

मग त्यानं जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते, चुकलं तर सांग. तू अठरा वर्षं तिथं नोकरीच्या व्हिसावर आहेस. कायमचं राहायचं कार्ड मिळायची रांग इतकी लांब आहे की तुझा नंबर तुझ्या हयातीत लागायचा नाही. म्हणून तू दुसरी वाट धरलीस. तिथल्या एखाद्या धंद्यात आठ लाख डॉलर गुंतवायचे, त्यातून तिथल्या दहा माणसांना काम मिळालं पाहिजे, आणि त्या बदल्यात सरकार तुम्हा तिघांना कायमचं राहू देतं. त्यातही धंदा खेड्यातला असला तर फाईल लवकर हातात घेतात. म्हणजे शहागडची हायवेकडेची चार एकर पेट्रोल पंपवाल्याला विकून, त्यात तुझी सगळी कमाई घालून, तू अमेरिकेतल्या कुठल्याशा खेड्यात कारखाना धरलास. आबा असते तर म्हणाले असते, खेड्यातच पैसा घालायचा होता तर आपलं काय वाईट होतं?

इथवर मला कळलं. पुढचं ऐकून मात्र हसावं की रडावं ते कळेना. तिथल्या ऑफिसनं तुला विचारलंय, पैसा आला कुठून? शेत विकून आला. शेत कुठून आलं? वडलांकडून आलं, आणि बहिणीनं हक्क सोडला म्हणून एकट्याचं झालं. बरं, मग ती बहीण दाखवा. आणि बहीण सापडत नाही! हक्कसोडपत्रावर नाव आहे कौसल्या रामकिसन उढाण. माझं आधार, रेशनकार्ड, पोस्टातलं सेवापुस्तक, सगळीकडं नंदाबाई भारत गाढे. शहाऐंशी साली लग्नात ह्यांनी ताटात तांदूळ पसरून अंगठीनं 'नंदा' लिहिलं, त्यानंतर कौसल्येच्या नावाचा एकही सरकारी कागद जन्माला आला नाही. अंबडला रजिस्ट्रीच्या दिवशी लिहिणाऱ्यानं नाव विचारलं, तू घरचं सांगितलंस, गावच्या दोघांनी ओळख दिली, आणि आपल्यापैकी कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. अमेरिकेला वाटलं. कौसल्या नावाची बाई तू कागदावर तयार केलीस, किंवा तिला कुठं तरी गप्प बसवलंस, असा त्यांना संशय आहे.

तर मला दोन गोष्टी लिहून द्यायच्या आहेत. एक, कौसल्या आणि नंदाबाई एकच. दोन, मी ते हक्कसोडपत्र स्वखुशीने केलं.

पहिली देते. दुसरी देणार नाही.

अकरा वर्षं मी तुझ्याशी का बोलले नाही, हे तू मला कधी विचारलं नाहीस. आज न विचारता सांगते. आबा गेले सहा मेला. पंधराव्या दिवशी तू मला अंबडला घेऊन गेलास, कारण दुसऱ्या दिवशी तुझं विमान होतं. मी पोस्टातली बाई. कागद हातात आला की आधी तारखेचा शिक्का बघते, डोळे आपोआप तिकडं जातात. स्टॅम्पपेपरच्या मागे शिक्का होता बावीस एप्रिलचा. बावीस एप्रिलला आबा धडधाकट होते, ओट्यावर बसून गड्यांवर ओरडत होते. दवाखान्यात नेलं ते तीस तारखेला. म्हणजे बाप जिवंत असताना तू बहिणीचं नाव काढायचा कागद विकत घेऊन ठेवला होतास. तिथून फोन करून, कुणाच्या तरी हातानं.

तरी जिथं बोट ठेवलंस तिथं सही केली, तू दिलेली साडी घेतली आणि घरी आले. मागितलं असतंस तर मी आनंदानं दिलं असतं रे. बाप मरायची वाट तरी बघायचीस.

म्हणून 'स्वखुशीने' हा शब्द शपथेवर लिहायला माझा हात धजत नाही. मी तीच बाई आहे एवढं लिहून पाठवते. तेवढ्यावर भागलं तर बरंच आहे.

नंदाबाई भारत गाढे


पिंपळगाव रेणुकाई,
९ मार्च २०२४

चि. कल्याण,

तुझं पत्र आलं. पाकीट आमच्याच ऑफिसात, माझ्याच हातात आलं, त्यामुळे कुणाला कळायच्या आत पदराआड करता आलं. अकरा वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. सुधारलेलं नाही.

तू लिहितोस, तो स्टॅम्प तू घेतलाच नाही. तेराव्यानंतर कुणी तरी आबांच्या पेटीतून काढून दिला, कोरा कागद आहेच तर नवा कशाला आणायचा म्हणाले, आणि तू मागची बाजू बघितलीच नाहीस. शपथ घेऊन लिहिलंयस.

खरं सांगू? मला पटलं नाही. पोस्टात एकतीस वर्षं झाली, 'मी नव्हतोच' म्हणणारे रोज चार भेटतात. रामेश्वरला फोन केला, तर तो म्हणतो, "अक्का, मला काई आठवत न्हाई. मी त्या दिवशी आचाऱ्याच्या मागं पळून राह्यल्तो." त्याला सोयीचं तेवढंच आठवतं, हे तुलाही माहीत आहे.

पण तुझ्या पत्राच्या आधी दुसरंच झालं. तुझ्या पोरीचा फोन आला.

"आत्याबाई, मी अर्पिता. बाबांना सांगितलेलं नाही मी फोन करतेय म्हणून."

मी तिला शेवटचं बघितलं तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची होती आणि आबांच्या मोसंबीच्या बागेत काटा टोचला म्हणून रडत होती. आता नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे म्हणाली. मराठी स्वच्छ बोलते, फक्त फार जपून, प्रत्येक शब्द आधी तपासून घेतल्यासारखं. रामेश्वरला जे तीन कप चहात सांगता आलं नाही ते तिनं पाच मिनिटांत सांगितलं. जुलैमध्ये तिला एकवीस पूर्ण होतात. एकवीस झाले की आईबापाच्या फाईलमध्ये पोर धरत नाहीत. पण फाईल तपासायला पडली आहे तोवर तिचं वय थांबलं असं मानतात म्हणे. देवालाही जमलं नाही ते तुमच्या सरकारनं केलंय. फाईल मंजूर झाली तर ती तुमच्याबरोबर तिथं राहील. नामंजूर झाली तर थांबलेलं वय एकदम सुटेल आणि जिथं ती तीन वर्षांची असल्यापासून वाढली त्या देशात तिला राहायला काही आधार उरणार नाही.

"मग तू इकडं ये," मी म्हटलं.

"येईन की आत्याबाई. पण पाहुणी म्हणून यायचं आणि घालवून दिलं म्हणून यायचं, यात फरक आहे ना?"

मी वाट बघत होते की आता ही सहीचं काढेल. तिनं काढलं नाही, एकदाही नाही. उलट विचारलं, "तुमचं नाव बदललं तेव्हा तुम्हाला विचारलं होतं का?" मला हसू आलं. म्हटलं, अगं, नवरीला कोण विचारतं? ताटात जे लिहिलं ते आपलं नाव.

"आणि जमिनीचं? तेव्हा तरी कुणी विचारलं?"

गॅसवर दूध ठेवलंय म्हणून मी फोन ठेवून दिला. दूध ठेवलेलं नव्हतं.

आता तू शपथा घालतोच आहेस तर मीही एक कबूल करते. आमच्या शालूचं लग्न झालं सतरा साली. तिच्या पाठीशी मामा म्हणून रामेश्वरला उभं केलं. सख्खा मामा कुठंय विचारणाऱ्यांना सांगितलं की पत्रिका पाठवायला पत्ता नव्हता. पत्ता होता. पोस्टातल्या बाईकडं पत्ता नाही, आणि लोकांनी मान हलवून ऐकून घेतलं. मामाचा आहेर रामेश्वरनं केला, पण पोरीनं मला त्या दिवशी विचारलं होतं, मामांचं आणि तुझं काय झालं. तिलाही मी असंच काही तरी दूध उतू जातंय म्हणून टाळलं असेल.

तर आता असं करते. त्या कागदाची नक्कल अंबडच्या रजिस्ट्रीत मिळते. रजा टाकून जाते आणि माझ्या डोळ्यांनी पुन्हा वाचते. तिथल्या ऑफिसला उत्तर द्यायची तुझी मुदत एकोणतीस एप्रिलपर्यंत आहे ना? तोवर काय ते कळवते. पण आत्ताच सांगून ठेवते, तू खोटं बोलला असशील तर अर्पितासाठीसुद्धा मी तो शब्द लिहिणार नाही.

अक्का


पिंपळगाव रेणुकाई,
२३ मार्च २०२४

चि. कल्याण,

मंगळवारी गेले. सकाळची भोकरदन, तिथून जालना, जालन्याहून अंबड. हे बरोबर येतो म्हणत होते, पण ह्यांच्या गुडघ्याला एसटीची पायरी सोसत नाही, आणि खरं म्हणजे मला एकटीलाच जायचं होतं.

अर्ज दिला, फी भरली, दुपारी या म्हणाले. दोन वाजता नक्कल हातात पडली. सवयीप्रमाणे आधी मागची बाजू काढून तारीख बघितली. बावीस एप्रिल दोन हजार तेरा. माझी चूक नव्हती. आणि मला बरं वाटलं, कल्याण. तू खोटा ठरलास याचं मला बरं वाटलं, हे लपवून काय उपयोग.

मग तारखेखालची ओळ वाचली. नाव: कौसल्या रामकिसन उढाण. हस्ते: रामकिसन उढाण. त्यापुढं सही.

आबांची सही. शेवटी विनाकारण लांब रेघ ओढायची त्यांची खोड तुला आठवत असेल. ती रेघ चौकटीच्या बाहेर गेली होती.

अकरा वर्षांपूर्वी मी तारीख बघितली आणि कागद उलटा केला. खालची ओळ वाचलीच नाही. आम्हा पोस्टातल्या लोकांचं हे असंच असतं. शिक्का नीट उठलाय का, तारीख बरोबर आहे का, एवढं बघायचं आणि पुढं ढकलायचं. दुसऱ्याचं लिहिलेलं वाचायचं नाही ही आमची शिस्त. ती मी नको तिथं पाळली.

तरी माझा संशय जाईना. म्हटलं, म्हाताऱ्याच्या हातानं तूच मागवला असशील. ऑफिसच्या समोर पत्र्याच्या शेडमध्ये स्टॅम्प विकायचं दुकान होतं. शिक्क्यात नाव होतं त्याचंच. तिथं आता मुलगी बसते, दैवशाला नावाची. तिचे वडील धुळाजी कोपऱ्यात खुर्चीवर बसलेले होते, डोळ्याला जाड भिंगं. मी नक्कल पुढं केली आणि विचारलं, "काका, शहागडचे रामकिसन उढाण आठवतात का?"

"मोसंबीवाले उढाण? आठवतात की. लई करारी मानूस. भर उन्हात एसटीनं आल्ते. इथंच च्या पिले. अन् पंधरा दिवसांत गेल्याचं कानावर आलं, म्हनून ध्यानात हे."

"कुणी पाठवलं होतं त्यांना?"

"त्यांन्ला कोन पाठवनार? मीच इचारलं, पोरगं अमेरिकेला हे ना, ते आल्यावर करा की कागद. तर म्हन्ले, त्यो मागनार न्हाई. बहिनीपुढं तोंड उघडायला लाजंल. अन् पोरगी न्हाई म्हननार न्हाई. मंग मीच कागद घिऊन ठेवतो, दोघं समोर बसले की सही करून घेतो. माझ्या मागं कटकट नको."

दैवशाला माझ्याकडं बघत होती. तिनं ओळखलं. "बाबा, ह्याच त्या. कौसल्याबाई."

म्हाताऱ्यानं भिंगं वर केली. "तुमीच का? मंग, न्हाई म्हन्लात का?"

"नाही म्हटलं नाही."

"बराबर. बापाला बराबर म्हाईत व्हतं."

मी बाहेर येऊन रसाच्या गाड्यावर बसले. पहिल्यांदा काय वाटलं सांगू? जीव भांड्यात पडला. तू नव्हतास. आबा इकडं ओट्यावर बसलेले असताना माझा धाकटा भाऊ तिकडं माझं नाव खोडायच्या तयारीत नव्हता. इतकी वर्षं पोटात धरून ठेवलेलं ते एकाएकी नाहीसं झालं आणि मला रडू आलं. रसवाल्यानं विचारलं, मावशी, आलं जास्त झालं का? म्हटलं, हो.

मग राग आला. आबांचा आला. माझ्याशी एका शब्दानं न बोलता त्यांनी ठरवून टाकलं की मी नाही म्हणणार नाही. आणि मी नाही म्हटलं नाही, त्यांचा अंदाज खरा करून दाखवला, याचा जास्त राग आला. आता त्यांच्याशी भांडायचं कसं? तुझ्याशी निदान अबोला तरी धरता आला.

आणि तूही काही धुतल्या तांदळासारखा नाहीस, एवढं समजून अस. तुला मागायची लाज वाटत होती हे आबांनी बरोबर ओळखलं होतं. पण पेटीत तयार कागद सापडल्याबरोबर ती लाज गेली कुठं? तू म्हणतोस मागची बाजू बघितली नाहीस. बघून काय करणार होतास? कागद वापरायचाच होता.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, मागितलं असतंस तर आनंदानं दिलं असतं. ते मी परत घेते. मला माहीत नाही मी काय म्हटलं असतं. शालूचं लग्न व्हायचं होतं. ह्यांची कोरडवाहू, माझा पोस्टाचा पगार तो केवढासा. मी कदाचित म्हटलं असतं, तीन एकर तू घे, एक माझ्या नावावर राहू दे. कदाचित निम्मी मागितली असती. कदाचित काहीच नाही. माझं उत्तर काय होतं ते मलाच कळायची वेळ आली नाही.

आता कामाचं. गुरुवारी परत अंबडला गेले आणि प्रतिज्ञापत्र केलं. शहागडच्या शाळेतून माझा दाखला काढला, लग्नाची पत्रिका ह्यांनी ट्रंकेतून शोधून दिली, तिच्यात कौसल्या आहे आणि गाढ्यांचं घरही आहे. ओळख द्यायला गोपिकाबाई आली, माझ्या वर्गातली. वकिलानं तिला विचारलं, तुम्ही ह्यांना कधीपासून ओळखता? ती म्हणाली, "पाचवीत माझी पाटी फोडली हिनं. अजून भरून दिली न्हाई. हीच ती, बिलकुल हीच." वकील म्हणाला, एवढं पुरे.

मग त्यानं तुझ्या वकिलाचा मजकूर वाचायला घेतला, 'सदरचे हक्कसोडपत्र मी त्या वेळी स्वखुशीने' वगैरे. मी म्हटलं, थांबा. त्या दिवशीची खुशी मला आज शपथेवर सांगता येणार नाही. त्यानं पेन खाली ठेवला. "मंग काय लिहायचं ताई? हे तर सगळेच लिहितात." मी सांगितलं तसं त्यानं लिहिलं, आणि ते असं आहे:

'सदरचे हक्कसोडपत्र मीच केले असून त्या वेळी माझ्यावर कोणीही जबरदस्ती केली नव्हती. माझा हिस्सा माझ्या भावास देण्यास मी आज रोजी, सर्व माहिती असताना, स्वखुशीने संमती देत आहे.'

तुझ्या वकिलाला 'आज रोजी' आवडणार नाही. त्याला म्हणावं, बाईनं एवढंच खरं लिहून दिलंय, त्यापुढचं खोटं पाहिजे असेल तर दुसरी बहीण शोधा.

आजच का, असं तू विचारशील. जमिनीचं मला आजवर एकाच माणसानं विचारलं, आणि ते पोर सातासमुद्रापलीकडं जपून जपून मराठी बोलतं. ती तिथं राहावी असं मला वाटतं. मनापासून वाटतं. ते वाटणं माझं आहे, त्याच्यावर कुणाची सही नाही.

फोटो अर्पिताला फोनवर पाठवलेत. मूळ कागद स्पीड पोस्टानं पाठवतेय, शिक्का मी स्वतः मारला आहे. हे म्हणतात, तुमचं भावाबहिणीचं मिटवायला अमेरिकेचं सरकार मध्ये पडावं लागलं.

तुझी अक्का,
कौसल्या


पिंपळगाव रेणुकाई,
१८ जुलै २०२४

चि. कल्याण,

अर्पिता परवा एकवीस वर्षांची झाली, आणि तुमच्या सरकारच्या हिशेबानं झाली नाही. मी तिला दोन्हीकडचे आशीर्वाद दिले.

अजून काही उत्तर नाही का? वकील काय म्हणतो? वकिलानं कागद दिले का नक्की? पोच घेतली होती का? सगळ्या जगाला 'येईल, वाट बघा' असं सांगत आले, आता मला कुणी तसं म्हटलं की त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटतं. रेणुकाईची ओटी भरली. नवस केला नाही, देवीला व्हिसातलं काय सांगायचं असं वाटलं. पण ओटी भरली.

इथं एक गंमत झाली. ह्यांच्या भावाभावांत वाटणी चालू आहे आणि सगळ्यांनी मिळून आमच्या वन्संसाठी, नणंदेसाठी, हक्कसोडाचा कागद तयार करत आणला होता. राखीला येईल तेव्हा सही घ्यायची असं ठरलं. मी ह्यांना म्हटलं, आधी फोन करा आणि विचारा. हे म्हणाले, तिला काय विचारायचं, ती कुठं नाही म्हणणार आहे? मी फोन लावून ह्यांच्या हातात दिला. वन्सं म्हणाल्या, "मला अर्धा एकर पाह्यजे, विहिरीजवळचा." विहिरीजवळचा! ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण काल थोरल्या दिरांना म्हणत होते की द्यावा लागेल, मागितलाय तिनं.

उत्तर आलं की रात्र असो, दिवस असो, फोन कर.

अक्का


पिंपळगाव रेणुकाई,
२६ नोव्हेंबर २०२४

चि. कल्याण,

त्या दिवशी तुझा फोन नंतर आला. पोरीचा आधी आला होता. टपाल फोडत होते, डाव्या हातात फोन. "आत्याबाई, झालं," म्हणाली, "आम्हा तिघांचंही." त्या गडबडीत समोर उभ्या कौतिकरावांच्या पेन्शनच्या पाकिटावर मी दोनदा शिक्का मारला. त्यांनी विचारलं, काय झालं बाई? मी म्हटलं, माझी भाची राहिली. त्यांना वाटलं नापास झाली. तेही बिचारे वाईट वाटून घेऊन गेले.

दुपारी घरी येऊन झोपले. तीन तास. एवढी गाढ झोप मला बाळंतपणातसुद्धा लागली नव्हती. उठले तेव्हा ह्यांनी चहा करून ठेवला होता, साखर दुप्पट घालून, आणि शहागडला, शालूला, वन्संना, सगळ्यांना कळवूनही झालं होतं. रामेश्वरनं तर पेढे वाटले म्हणे. आचाऱ्यामागं पळणाऱ्याला आता सगळं आठवायला लागेल बघ, सही त्यानंच मिळवली असं सांगत फिरेल. फिरू दे.

अर्पितानं समजावून सांगितलं की हे कार्ड आधी दोन वर्षांचं कच्चं असतं. मग कारखान्यातून खरोखर दहा माणसांना काम मिळालं का ते बघतात आणि पक्कं करतात. ते तुझं तू बघ. त्या दहा माणसांना नीट सांभाळ म्हणावं, आमची पोर त्यांच्या भरवशावर आहे. मला आता घोर नाही. खरंच नाही. अकरा वर्षांत मी इतकी हलकी झाले नव्हते.

तुझं पत्रही आज मिळालं. 'अक्का, तुझे उपकार कसे फेडू' असलं काही परत लिहिलंस तर पाकीट न फोडता 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत पाठवीन, तो अधिकार मला आहे. उपकार केले नाहीत. जे करायचं होतं ते केलं.

आता देश सोडून बाहेर पडलं तर परत घेतील का, ही भीती गेली म्हणतोस, आणि जानेवारीत तिघं येताय. या. शालू येणार आहे जावयाला आणि नातीला घेऊन, तिला तिचा मामा बघायचाय. भावजयीला सांग, थंडी असते, पोरीला स्वेटर आण म्हणावं. येताना काय आणू असं विचारलंयस. काही आणू नकोस.

एकच कर. आलास की पहिल्या दिवशी, जेवणं झाल्यावर, सगळे आपापल्या गप्पांना लागले की माझ्यासमोर बस आणि मला विचार, अक्का, तुला तुझा हिस्सा द्यायचा होता का?

चार एकर गेली. परवा बसमधून बघितलं, पंपाचे खांब उभे राहिलेत. मी काय म्हणते त्यानं आता कुणाचं काही बिघडणार नाही, तुझं कार्डही जाणार नाही. तरी विचार, आणि विचारून झाल्यावर मध्ये बोलू नकोस. मी काय म्हणेन ते मलाही अजून माहीत नाही. सत्तावन्न वर्षांची झाले, एकदा ऐकून तरी घेते.

अक्का